फ्रिजबाहेरच्या नळ्या

"प्रसादाशेजारी शिंपल्याचं मांस? तुमच्या घरी चालत असेल!"

माझे मार्गदर्शक सर सगळ्यांसमोर बोलले. प्रयोगशाळेत सत्यनारायण होता. फ्रिज एकच. त्यातल्या माझ्या नळ्या त्यांनी सकाळीच काढून खिडकीत ठेवल्या आणि आत पंचामृताचं पातेलं सरकवलं. मला कळलं दुपारी. सोलापूरचा एप्रिल. नळ्या हाताला गरम लागल्या.

त्या नळ्यांत माझी पीएचडी होती. भीमेतले शिंपले मी कीटकनाशक मिसळलेल्या पाण्यात महिनाभर ठेवले होते. विष अंगात गेलं की शिंपला आतून एन्झाइम वाढवतो, त्यांच्या जोरावर तग धरतो. तो जोर किती आणि कुठं संपतो, हे मला मोजायचं होतं. कल्ले वाटून काढलेला रस बर्फात जपावा लागतो. तापला की एन्झाइम गेलं. हे मला सरांनीच शिकवलेलं.

तरी मी यंत्रावर लावून पाहिलं. आकडा हललाच नाही. मला रडू फुटत होतं आणि बाकीचे शिरा खात होते. मला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "एन्झाइम आढळलं नाही, असं लिहा आणि मोकळ्या व्हा. तुमच्या शिंपल्यांत दमच नसेल."

पोरं हसली.

आम्ही नदीकाठच्या वस्तीतले. आईनं शिंपले शिजवून आम्हाला वाढवलं, हे मी एकदा भोळेपणानं बोलून गेले होते. तेव्हापासून माझ्या हाताला वास येतो म्हणे. मी साबण बदलत राहिले. काय मूर्खपणा!

आईला फोन केला.

"तोंड उघडू नगंस बाई. सही त्येंच्याच हातात हाय की."

खरं होतं तिचं. तक्रार करावी तर विभागप्रमुखही तेच. कुठं जाणार?

लिहायला बसले. 'आढळलं नाही' या शब्दांपाशी हात अडला. महिनाभर विषात राहून ते शिंपले जिवंत होते. कापले मी. आता वर हे खोटंही मीच लिहू?

केबिनमध्ये गेले.

"सर, हे मी लिहिणार नाही. नळ्या उन्हात होत्या."

"मग प्रबंधावरची सही विसरा."

"बरं."

बाहेर आले. सही मिळणार नाही, बहुतेक पदवीही नाही. दुसरा मार्ग मला दिसत नाही. तरी उद्या नदीवर जाणार. शिंपले आणून सगळं पहिल्यापासून करणार. आणि प्रबंधात लिहिणार, की पहिले नमुने पूजेसाठी फ्रिजबाहेर काढले म्हणून वाया गेले. काढणाऱ्याच्या नावासकट.