सुपातले हात

माझ्या शेतीविज्ञानाच्या लेखांचं पुस्तक दुसऱ्यांदा छापायला निघालं आहे आणि प्रकाशकाला नवं मनोगत हवं आहे. पहिल्या मनोगतात मी लिहिलं होतं की सोपं लिहिणं मला सरावानं जमलं. ते खरं नव्हतं.

परभणीच्या कृषी विद्यापीठात मी मृदाशास्त्र शिकवायचो. एका दैनिकानं शेतकऱ्यांसाठी सदर मागितलं, तेव्हा पहिला लेख एका बैठकीत लिहून काढला. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. रविवारी सकाळी ती सुपात डाळ निवडत बसली होती. मी ऐटीत वाचायला लागलो, "द्विदल पिकांच्या मुळांवरील ग्रंथींमध्ये सहजीवी जिवाणू वातावरणातील नत्राचे स्थिरीकरण करतात."

तिचे हात थांबले.

"हे जिवाणू नेमकं काय करायलेत?"

"मुळावरच्या गाठीत राहून हवेतला नत्र पिकाला देतात."

"मग तसं लिहा की. अन् फुकट देतात का?"

"पीक त्यांना साखर देतं."

"राहायचं तिथंच, खायचं तिथंच. म्हणजे घरजावई. कामाचा हाय एवढंच."

मी हसलो नाही. शास्त्राची थट्टा होते, असं मला वाटलं. "असं लिहिलं तर चूक होईल," मी म्हणालो.

"चूक होत असली तर अजून एक वाक्य घाला. अवघड शब्द कशाला घालता?"

लेख घरजावयासकट छापून आला. पुढं दर रविवारी मी वाचायचो आणि ती निवडायची. छान झालं, असं ती कधी म्हणाली नाही. हात चालू असले की वाक्य ठीक. थांबले की मी तिथं खूण करायचो. काही वर्षांनी लिहितानाच कळायला लागलं, इथं हात थांबणार. मला जे काही लिहिता येतं ते एवढंच, आणि त्याचा मला विद्यापीठातल्या पदापेक्षा जास्त अभिमान आहे.

एकदा झरीहून एक शेतकरी हरभऱ्याची उपटलेली झाडं घेऊन घरी आला.

"गाठी फोडून पाहिल्या साहेब. आतून गुलाबी हायत, तुमी लिहिलं तशा. जावई काम करायलेत." मग त्यानं विचारलं, "लय सोपं लिहिता. कोणापाशी शिकले?"

"सवयीनं जमतं," मी म्हणालो.

बायको तेव्हा चहाचे कप ठेवत होती. पुढच्या रविवारी सूप घेऊन नेहमीच्या जागी बसली आणि म्हणाली, "वाचा." ते 'वाचा' मला अजून बोचतं.

नवं मनोगत मी पानभर लिहिलं आणि काल तिला वाचून दाखवलं. "माझ्या लेखनप्रवासातील पत्नीचे अमूल्य योगदान ऋणनिर्देशापलीकडचे आहे..."

हात थांबले. मला वाटलं, तिला भरून आलं.

"योगदान म्हणजे काय केलं मी?"

"सोपं लिहायला शिकवलंस."

"मग तसं लिहा की."

मी पान खोडलं आणि खाली लिहिलं: सोपं लिहायला मला माझ्या बायकोनं शिकवलं. घरजावई तिचा. झरीच्या पाहुण्याला मी खोटं सांगितलं होतं.

वाचून दाखवलं. हात चालूच होते.