घळीत उतरण्याआधीचा फोन

आमच्या ओट्याचा एकही कोपरा धड नाही. सगळीकडे पांढरे डाग. तीस वर्षं आमचे हे, म्हणजे इंद्रलोक सोसायटीतले हरिश्चंद्र सर, शिकवणीच्या पोरांना स्वयंपाकघरात आणून कडप्प्यावर लिंबू पिळायचे. "हा चुनखडक. पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. भेगांत शिरतं, दगड विरघळवतं. नदी खाली खाली कापत जाते, जमिनीतल्या बोगद्यांची छपरं कोसळतात, कडे मात्र उभेच राहतात. झाली घळ! खोल आणि अरुंद." मी ओरडायचे, "अहो, घळी करा, पण माझ्या ओट्यावर नको!" पोरं खिदळायची.

या माणसाने खरी घळ कधी पाहिली नाही. पाहिली ती आमच्या संपदाने. भूगर्भशास्त्र शिकली आणि मेघालयात सर्व्हेच्या कामाला लागली. घळीत उतरण्याआधी न चुकता फोन करायची, "बाबा, उतरू का?" लाडाने हो, परवानगी कसली! पण ह्यांची छाती फुगायची.

मंगळवारी फोन आला तेव्हा हे वाल सोलत बसले होते.

"पाऊस आहे का गं तिकडे?"

"नाही बाबा, लख्ख ऊन पडलंय."

"मग उतर."

दुपारी तिच्या साहेबांचा फोन. "सर, पानी अचानक बढ़ गया." बरोबरचे दोघे वर आले होते. संपदा नव्हती.

फोन ठेवला आणि ह्यांच्या ध्यानात आलं. पाऊस दूरच्या डोंगरावर पडला होता. चुनखडकात पाणी जमिनीखालून येतं, डोक्यावर ऊन असलं तरी. ह्यांनीच शिकवलेलं, तेही दरवर्षी! आणि विचारलं काय, तर तिच्या डोक्यावरच्या आभाळाचं. मेला तो ओटा, त्यावर पाणी पडतं तिथेच राहतं.

आज चौथा दिवस. पाणी ओसरेपर्यंत शोध थांबवलाय. रस्ता वाहून गेलाय, येऊ नका म्हणतात. आम्ही नुसते फोनकडे बघत बसलोय.

"अहो, कधी ओसरेल हो पाणी?" मी विचारलं.

"माहीत नाही गं." मग हळूच म्हणाले, "शुभदा, मीच म्हटलं ना, उतर?"

जन्मभर या माणसाला मी एक वाक्य पुरं बोलू दिलं नाही. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, "नाही हो, तुमची काय चूक." तोंडातून शब्द फुटेना. ते माझ्याकडे बघत थांबून राहिले.