नानांचं कोरडं फडकं

आरोही, निनाद,

मागचे तीन रविवार तुम्ही फोन करता आणि मी घरात नसते. तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ, इथे सकाळचे साडेसात. पंच्याहत्तरीची म्हातारी फडकं घेऊन रोज कुठे जाते, असं तुमच्या बाबानं काळजीनं विचारलं. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. मधेच आवाज तुटतो, आणि ही गोष्ट तुटक सांगितली तर मी तिच्यात चांगली दिसेन. म्हणून सगळी लिहून पाठवते आहे.

नानांइतका खरा माणूस मी पाहिला नाही, आणि खरेपणाचा इतका त्रास देणाराही दुसरा पाहिला नाही. तुम्ही त्यांना एकदाच भेटलात. निनाद चार वर्षांचा होता. गावाबाहेरच्या तारेच्या कुंपणाला नाक लावून तो आतल्या फिरत्या वाट्यांवर फुंकर मारत होता. तेव्हा एका उंच, काटकुळ्या म्हाताऱ्यानं मागून येऊन त्याचे खांदे धरले, त्याला तीन पावलं मागे नेलं आणि गंभीरपणे सांगितलं, "बाळराजे, तुमचा श्वास ऊन ऊन. तो आत गेला तर बारा गावांना ताप चढेल." ते नाना.

दोंडाईच्याच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवायची, तिथल्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. बाटल्या पुसणं, तराजू झाकणं आणि गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं वजन चुकलं की मागच्या दारातून खाकरणं, हे त्यांचं काम. शेवटचं त्यांच्या नेमणूकपत्रात नव्हतं. निवृत्तीनंतर ते या गावी परतले, आणि पाठोपाठ तुमचे आजोबा आणि मीही इथे राहायला आलो. गावात सगळे मला अक्का म्हणतात. नाना मात्र शेवटपर्यंत बाई म्हणत राहिले. इतरांशी ते अहिराणीत भांडत, माझ्याशी अर्ज लिहिल्यासारखं बोलत.

त्याच सुमारास गावाबाहेरच्या पडीक तुकड्यावर हवामानाचं यंत्र बसलं. एक खांब, त्यावर वारा मोजणाऱ्या तीन वाट्या, उष्णता मोजायला पांढऱ्या ताटल्यांची चळत, आणि बाजूला पाऊस मोजायचं डबडं. वर गाळणं असतं. त्यातून पाणी आतल्या इवल्याशा पळीत पडतं, पळी भरली की टिक करून कलंडते, आणि जितक्या वेळा कलंडली तितका पाऊस झाला असं यंत्र आपलं आपण वरच्या कचेरीला कळवतं. आजूबाजूच्या बारा गावांत मिळून हे एकच यंत्र. त्यानं सांगितलं तेवढंच ऊन, तेवढाच पाऊस. बसवणारे लोक किल्ली नानांच्या हातात देऊन गेले, ते वर्षातून एकदा येत. पगार नव्हता. नानांना त्याची आठवणही नव्हती.

रोज सकाळी साडेसातला ते मऊ सुती फडकं घेऊन निघत. फडकं त्यांच्या सदऱ्यापेक्षा स्वच्छ असे. कोळ्याची जाळी, कुंभारमाशीची मातीची घरं, कापसाचे तंतू, कबुतरांचा प्रसाद, सगळं निघायचं. कोणी खांबाला लिंबू-मिरची बांधली तर सोडून घरपोच परत देत. म्हणत, "याले नजर लागत नही, धूळ लागस." वरात त्या रस्त्यानं निघाली तर हात आडवे करून उभे राहत आणि धूळ नको म्हणून तिला ओढ्याकडून वळवत. एका नवरदेवाचा घोडा त्यात चिखलात बसला, आणि त्या सासुरवाडीचे लोक अजून नानांच्या नावानं बोटं मोडतात. आमच्या शेजारच्या आबांनी एकदा कुंपणावर ओलं धोतर वाळत घातलं. नानांनी ते घडी करून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

"आबा, वल्लं धोतर तठे नको. यंत्रले हवा वल्ली दखास."

"नाना, एक धोतरवरी बारा गावनी हवा वल्ली व्हई जास? मंग मी रोज वाळत टाकस, पानी तरी पडी!"

उन्हाळ्यात "काय ऊन आहे" असं म्हणायची त्यांच्या घरात सोय नव्हती. किती आहे ते सांगा, नाहीतर पंख्याखाली गप्प बसा. बायकोला ताप आला तर थर्मामीटर तीनदा लावायचे, कारण एका मोजणीवर विश्वास ठेवू नये. ती माउली म्हणे, "तिसऱ्यांदा लावेपर्यंत उतरतो, म्हणून बरी आहे."

एका वैशाखात तो उतरला नाही. स्मशान यंत्रापासून फार लांब नाही. अग्नी देऊन माणसं परतली, नानांनी अंघोळ केली, आणि ओल्या केसांनी फडकं घेऊन ते कुंपणाकडे निघाले. लोकांनी तोंडात बोटं घातली. नानांची एक वही होती. यंत्र सांगतं ते खरं मानायला जिथे अडचण असेल, ती कारणं त्यात लिहायची. त्या दिवशीची नोंद मी स्वतः पाहिली आहे. "सकाळी पश्चिमेकडून धूर. ताटल्यांवर काजळी. दहा ते बारा तापमान विश्वासार्ह नाही." धूर कशाचा, ते लिहिलेलं नाही.

आता त्या श्रावणाकडे येते.

पाऊस गेला तो गेलाच. बाजरी पिवळी पडली, कपाशीची पानं दुपारी हात जोडल्यासारखी मिटायला लागली. गावात टँकर सुरू झाला. विम्याच्या मदतीचा नियम असा होता की सलग तीन आठवडे यंत्रात पाऊस नसेल, तरच बारा गावांना मदत. लोक पारावर दिवस मोजत होते. नाना कोणालाच काही सांगत नसत, फक्त रोज पुसून येत.

अशात त्यांचा मोतीबिंदू पिकला. धुळ्याच्या दवाखान्यात चार दिवस राहायचं होतं. त्यांनी किल्ली आणि फडकं माझ्याकडे आणून दिलं.

"बाई, गावात नीट माणूस आपण एकच. म्हणून विनंती आहे."

सोबत कागदावर सूचना होती. "सर्व भाग कोरड्या फडक्याने पुसावेत." खाली सही.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. तुमच्या वह्यांच्या कडा मी पट्टीनं जुळवून ठेवत असे. पहिले दोन दिवस मी सांगितल्याप्रमाणे पुसलं. तिसऱ्या दिवशी गाळण्यात पाहिलं तर कबुतरांनी घाण करून ठेवलेली, त्यात पीस चिकटलेलं, सगळं वाळून घट्ट. फडक्यानं निघेना. कोरडं पुसणं म्हणजे काही स्वच्छ करणं नव्हे, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. घरून तांब्या आणला. टंचाईचे दिवस, म्हणून जपून फक्त अर्धा ओतला, आणि उरलेला अर्धा तुळशीसाठी परत नेला. गाळणं आरशासारखं लख्ख निघालं. आत कुठेतरी टिक, टिक, टिक असं वाजत होतं. मला वाटलं, घाण सुटते आहे.

तो कोरडा अठरावा दिवस होता.

नाना परतले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. त्यांची मुलगी हात धरून होती. मी ओट्यावरूनच म्हटलं, "नाना, तुमचं गाळणं अगदी लख्ख करून ठेवलंय हं."

ते थांबले. "कशानं, बाई?"

"पाण्यानं. दुसऱ्या कशानं निघणार?"

"किती?"

"अर्धा तांब्या. जास्त नाही."

"किती वाजता?"

मी वेळ सांगितली. त्यांनी मुलीला वही आणायला सांगितलं, पट्टी बांधलेला चेहरा कागदाच्या अगदी जवळ नेऊन काहीतरी लिहिलं, आणि वही मिटली. मग मला समजावून सांगितलं, शाळेत एखाद्या मुलीच्या हातून परीक्षानळी फुटल्यावर सांगायचे तसं, हळू. यंत्राला पाणी कुठून आलं ते कळत नाही. त्याच्या लेखी त्या सकाळी बारा गावांवर चांगली सर येऊन गेली. आता दिवस पुन्हा एकपासून मोजणार.

मी ओट्यावरून खाली उतरले. म्हटलं, "मी येते तालुक्याला. मी सांगते."

"आपण घरी बसा, बाई. किल्ली माझ्याकडे होती."

दुसऱ्या दिवशी ते मुलीला घेऊन कचेरीत गेले. ही वही नेहमी त्यांच्या काखेत असे. त्या दिवशी ते ती घरी ठेवून गेले. मुलीला आश्चर्य वाटलं, पण तिनं विचारलं नाही. पुढचं तिनंच मला सांगितलं.

साहेब माणूस वाईट नव्हता, आमच्याच शाळेत शिकलेला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. नानांनी सांगितलं, त्या दिवशी पाऊस नव्हता, धुण्याचं पाणी गेलं.

"कोणी ओतलं?"

"मी."

साहेबानं कागद पाहिला, मग हिरव्या पट्टीकडे पाहिलं. "नाना, ऑपरेशन कधी झालं?"

नानांनी तारीख सांगितली.

"त्या सकाळी तुम्ही धुळ्याला दवाखान्यात होतात. मग पाणी इथे कसं ओतलंत?"

नानांना उभ्या आयुष्यात खोटं बोलायचा सराव नाही, तारखेचा मेळ घालायला हवा हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. साहेब हळूच म्हणाला, "यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?" आणि त्यानं फाइल मिटली. बारा गावांना मदत मिळावी म्हणून खोटं सांगायला आलेला एक म्हातारा, एवढीच नोंद झाली असावी.

मी म्हटलं, आता तरी मी जाते. नाना म्हणाले, "एका वेळेचे दोन वेगळे आकडे आले, बाई, की दोन्ही खोडतात." मला ते पटलं. पटवून घ्यायचं होतं, म्हणून लगेच पटलं. निवृत्त शिक्षिका, गावाची अक्का, पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ खुर्ची असलेली मी घरी बसले. तुमच्या आजोबांनाही मी सांगितलं नाही.

पुन्हा तीन आठवडे भरायच्या आत पाऊस आला, पण बाजरीला त्याचा उपयोग नव्हता, आणि मदतही गेली. लोकांनी नानांना पारावर जागा देणं बंद केलं. आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना, तुन्हा डबामा पानी पडनं, मन्हा वावरमा का बरं नही पडनं?" हसणारे हसले. आबांची सगळी कपाशी त्या वर्षी गेली होती, ते स्वतः हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी रोज मुद्दाम कुंपणावर धोतर वाळत घालायला सुरुवात केली. नानांनी ते कधी काढलं नाही. त्याच्या शेजारी उभं राहून ते खांब पुसत, आणि घरी येऊन वहीत लिहीत, "धोतर. सकाळची आर्द्रता विश्वासार्ह नाही." अशा नोंदींची पानंच्या पानं आहेत. माझ्याकडे चहाला ते येत राहिले. त्या दिवसाबद्दल दोघंही बोललो नाही. एकदाच, कप ठेवता ठेवता म्हणाले, "गाळणं मात्र तेव्हा खरंच स्वच्छ झालं होतं, बाई." ते टोमणा मारत नव्हते. त्यांना टोमणा मारता येत नसे.

या फाल्गुनात नाना गेले. मुलीनं वही माझ्या हातात दिली. "बाबा म्हणाले होते, बाईंनाच द्या." मी तो दिवस शोधला. पट्टी बांधून लिहिलेलं, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

"पाऊस शून्य. यंत्रातील पाणी धुण्याचे, अर्धा तांब्या, बाईंनी ओतले. सूचना अपुरी होती. चूक माझी."

म्हणून त्या दिवशी वही घरी राहिली होती. तिच्यात माझं नाव होतं, आणि वहीतलं काही खोडायचं नाही हा त्यांचा नियम होता.

दहाव्याला ओढ्यावर सगळं गाव होतं. पिंड ठेवले, कावळा लवकर शिवेना. मी उठून उभी राहिले आणि ते पान मोठ्यानं वाचलं. शाळेत वाचायची तसं, स्पष्ट. पहिले आबाच बोलले.

"अक्का, आते सांगीसन काय व्हई?"

मी वही मिटून खाली बसले. कावळा केव्हा शिवला ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली घेऊन गेले तेव्हा कुंपणावर धोतर नव्हतं. त्यानंतरही कधी दिसलं नाही. पण आबा माझ्याशी अजून बोलत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

वही माझ्या कपाटात, तुमच्या पत्रांच्या शेजारी आहे. पुढची पानं मी भरते. यंत्र उभं आहे, चालू आहे. रोज साडेसातला मी ते पुसून येते, कोरड्या फडक्यानं.