डॉक्टरबाईंनी सासूबाईंचं रक्त काढलं तो दिवस

मला घोणस चावली होती आणि माझं सासर निवांत चहा पीत बसलं होतं.

आज सकाळी डॉक्टरबाई गेल्या, म्हणून हे सांगतेय.

आमच्या वेणूबाई. शेणव्याच्या शेतकऱ्याची लेक. आमच्याकडे पोरगी सातवी झाली की स्थळं बघायचे, त्या काळात ही बाई डॉक्टर झाली आणि परत आमच्याच रानात आली. मुंबईत दवाखाना टाकला असता तर कुणी अडवलं होतं? पण नाय. तोंड मात्र भलतंच फटकळ.

माझं सासर डोळखांबकडे. लग्नाचं पहिलंच वर्ष, भातकापणी चालू. भारा उचलला आणि हाताला डसली.

सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला ओरबाडला नि माझ्या तोंडात कोंबला.

"चाव गो. कडू लागतो का?"

आमच्याकडे असंच बघायचे. पाला गोड लागला तर विष चढलं. कडू लागला तर घाबरायचं कारण नाय.

"लागतो," मी म्हटलं. जीभ वळत होती इतका कडू!

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि आनंदाने रडल्या. मला घरी आणून निजवलं. शेजारणी जमल्या, चहा टाकला.

नशीब माझं, त्याच दिवशी डॉक्टरबाई पाड्यावर पोरांना लस टोचायला आल्या होत्या. कुणीतरी सहज त्यांच्या कानावर घातलं. तशा तडक घरात शिरल्या.

माझा हात सुजून टम्म झालेला.

"थुंक."

थुंकले. लाल.

"जीप वर आणायला सांगा. हिला शहापूरला न्यायचंय, आत्ताच्या आत्ता."

सासूबाई दारात आडव्या झाल्या. "नाय न्यायची! कडू लागलाय तिला. मोठ्या दवाखान्यात गेलेलं माणूस परत येत नाय. उद्या तिच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

आता जुंपणार, असं वाटलं. पण बाई खाली बसल्या. पिशवीतून काचेच्या दोन नळ्या काढल्या. एकीत माझं रक्त घेतलं. मग नवी सुई काढली.

"मावशी, तुमचा हात द्या."

"माझा कशाला?"

"द्या म्हणते ना!"

दोन्ही नळ्या तांदळाच्या मापट्यात उभ्या रोवल्या.

"जीप येईस्तोवर कुणी हात लावायचा नाही. चांगलं रक्त गोठतं. घोणशीच्या विषाचं गोठत नाही. मला खात्री आहे, तुमची पटवायचीय."

मी माझ्या नळीवरून नजर काढत नव्हते. गोठ रे बाबा, गोठ. हिरड्यांतून येणारं खारट पाणी गिळत होते. लग्नातला चुडासुद्धा अजून उतरला नव्हता हो माझा.

हॉर्न वाजला.

बाईंनी सासूबाईंची नळी उलटी केली. रक्त जागचं हललं नाय.

माझी नुसती कलती केली. पाण्यासारखं ओघळलं.

सासूबाईंनी पदर खोचला, मला उचललं आणि जीपकडे धावत सुटल्या.

वाटभर त्यांची एकच रट, "कडू लागला होता हो तिला, खरंच लागला होता."

शेवटी बाई म्हणाल्या, "माझ्या आईलापण कडूच लागला होता, मावशी. आमीपण चहाच पीत बसलो होतो."



दवाखान्यात बाटल्यांवर बाटल्या चढल्या. बाई यायच्या नि ओरडायच्या, "ऊठ, जेव. मरायचं सोंग पुरे झालं!" त्या ओरडायच्या तेव्हा इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू!

सासूबाई पुढे कितीतरी वर्षं होत्या. पाड्यात कुणाला साप चावला की ह्याच सासूबाई पाला घेऊन येणाऱ्यांना काठी घेऊन हाकलायच्या, "आधी गाडी बोलवा!" म्हणायच्या.

आज शेणव्याला तुमच्या पायांशी बसले, बाई. शेजारी माझी लेक, तिच्या मांडीवर तिचं बाळ. त्या दिवशी तुम्ही चहा घेऊन निघून गेला असतात, तर आम्ही तिघंही नसतो.

निवांत झोपा. आज तुम्हाला कुणी उठवायला आलं, तर मी दारात आडवी होईन.