फूटपट्टीची वाकडी शिवण

पडद्यांच्या कारखान्यात तिला सगळे फूटपट्टी म्हणायचे. नाव काही प्रेमाने पडलं नव्हतं हं! बाकीच्या बायका खडूने रेघ ओढून शिवायच्या आणि ही बया नुसत्या नजरेने बारा फुटांची शिवण अशी सरळ काढायची, की त्यांच्या पोटात दुखायचं. पुढे नाव अंगात मुरलं. अठ्ठावीस वर्षांनी तर तिला स्वतःलाही तेच आपलं खरं नाव वाटायला लागलं.

आणि मग डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. मशीनखाली कापड ताब्यात ठेवणारा हात तोच. शिवणी हळूहळू आत सरकायला लागल्या. मुकादम भला माणूस, तोंडाने काही बोलला नाही, पण एके दिवशी तिने शिवलेला पडदा तिच्यासमोरच दुसरीला उसवायला दिला. तिने आपली कात्री पिशवीत टाकली, चपला घातल्या आणि निघाली ती निघालीच.

घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. नवरा बसचा ड्रायव्हर, आणि ऊठसूट लोकांना ऐकवणार, "आमच्या हिची शिवण बघा! रस्ते एवढे सरळ असते ना, तर मी झोपेत बस चालवली असती." त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून ती रोज सकाळी डबा घेऊन निघायची आणि तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसायची. पाणी बघायचं, डबा खायचा, पुन्हा पाणी बघायचं. दुपारी डोळा लागला की वाटायचं, हे तळं नाहीच, कुणीतरी कापड अंथरून ठेवलंय आणि कडा शिवायच्या राहून गेल्यात. मग दचकून जागी व्हायची. कारखाना सुटायच्या वेळेला घरी परतायची. असे पंधरा दिवस गेले.

शुक्रवारी नवऱ्याने हिरवट निळ्या कापडाचा गठ्ठा आणून तिच्या मांडीवर टाकला.

"तळ्याच्या पलीकडे लोक तंबू ठोकतात ना, तिथे जाऊ रविवारी. आपल्याला तंबूबिंबू नको. वर एक ताडपत्री बांधायची आणि खाली मस्त लोळायचं. लग्न झाल्यापासून म्हणतोय मी. कडा तेवढ्या तू घाल."

"तयार मिळतात की हो बाजारात."

"मिळेनात का! तुझ्या हाताची थोडीच मिळणार?"

एक शिवण, आणि सगळं उघडं पडणार.

शनिवारी कारखान्याला सुट्टी, म्हणजे बाकावर जायचीही सोय नाही. नवरा कामावर गेल्यावर तिने कापड उलगडलं. खोली भरून गेली. पलंग बुडाला, खुर्ची बुडाली, ती आणि तिचं मशीन तेवढं वर राहिलं. टाचण्या लावायच्या नव्हत्या, कारण पाणी अडवणाऱ्या कापडात सुई गेली की भोक कायमचं. म्हणून कड दोनदा दुमडून तिने कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. पुढचा चिमटा काढायचा, कापड सरकवायचं, पुढचा काढायचा. मशीन गुणगुणायला लागलं. ऊन कापडावरून सरकत होतं, कापड तिच्या हातांवरून सरकत होतं, आणि तिला गोड गुंगी आली. किती वेळ गेला देव जाणे. भानावर आली तेव्हा दहा फुटांची कड संपली होती. निसरडं कापड बधिर बोटांना कळलंच नव्हतं. दुमड रुंद होत होत मधोमध चांगली तीन बोटं आत गेली होती.

"अगं बाई गं!" उसवायचं तर भोकांची रांगच राहणार, आणि त्या रांगेतून पाणी गळणार. ती थोडा वेळ रडली. मग तिला कारखान्यातली जुनी लबाडी आठवली. जोडीतला एक पडदा बिघडला की दुसराही अगदी तसाच बिघडवायचा, गिऱ्हाइकाला वाटतं फॅशनच आहे. तिने डोळे पुसले आणि उरलेल्या तिन्ही कडा मधोमध तीन तीन बोटं आत घेतल्या. जन्मात पहिल्यांदा मुद्दाम वाकडं शिवलं.

रविवारी दुपारी नवऱ्याने चार झाडांना दोऱ्या बांधून ताणल्या. ताडपत्री अशी ताठ बसली की बोटाने वाजवावी. तळ्यावरून वारा आला, तरी ती हूं का चूं करेना. तिथे तंबू भाड्याने देणारा एकजण चालता चालता थांबला.

"ताई, कडा मुद्दाम आत घेतल्यात ना? सरळ कड वाऱ्याला फडफडत बसते. हे जाणकाराचं काम आहे!"

"मग! फूटपट्टी म्हणतात हिला," नवरा फुलून म्हणाला.

सुटली की! नुसती मान हलवायची आणि गप्प बसायचं. दोघं खाली आडवी झाली. वरून हिरवट उजेड झिरपत होता, पाण्याच्या तळाशी पडल्यासारखं वाटत होतं. तिने दहा मिनिटं कशीबशी काढली. खोट्या कौतुकाचं ओझं तिला उचलवेना.

"अहो, ते मुद्दाम नव्हतं. हात सरकला माझा. बोटं मेलीत. मी कारखाना सोडलाय, पंधरा दिवस झाले. रोज त्या पलीकडच्या बाकावर बसते."

"माहीत आहे."

ती उठूनच बसली.

"दुसऱ्याच दिवशी एका ड्रायव्हरच्या बदली तळ्याच्या रस्त्याने गेलो, तर तू दिसलीस. मग ती फेरी मागूनच घेतली. रोज सव्वादोनला वळणावर बस हळू करतो. लोक बोंबलतात मागून."

"मग एकदा तरी हॉर्न द्यायचात!" तिचा आवाज फाटला. "मी तिथे एकटी..."

"दिला असता. पण दुसऱ्या दिवशी तू भलतीकडे जाऊन बसली असतीस. मग कुठे शोधत फिरलो असतो मी, एवढी बस घेऊन?"

तिला हसूही आलं आणि रडूही. तिने डावा हात त्याच्या हातात दिला. त्याने तो घट्ट धरला. दोन बोटांना काहीच कळलं नाही, उरलेल्या तिन्हींना कळलं.