घोडेगावचं टेबल आणि आमची रिकामी खिडकी

मोशीत फ्लॅट घेतला तेव्हाच मी घरात जाहीर करून टाकलं होतं, की सोफा, कपाट, खुर्च्या काहीही येऊ देत, हॉलच्या खिडकीखालची जागा अण्णांच्या टेबलासाठी राखीव आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर रंधा मारलेला माणूस. आधी नांगर, पाभर, बैलगाड्या. मग बाविसाव्या वर्षी घोडेगावच्या एका शिक्षिकाबाईंना पेपर तपासायला सागवानी टेबल करून दिलं. ते त्यांचं पहिलं स्वतंत्र काम. पुढे शेकडो घरांचं फर्निचर केलं, पण आमच्या घरात त्यांच्या हातचा एक पोळपाट सोडला तर काही नाही. म्हणून मला ते टेबल विकत हवं होतं. बाई म्हणतील ती किंमत द्यायची माझी तयारी होती.

अडचण एकच, अण्णा घोडेगावचं नाव काढू देत नव्हते. बरंच खोदून विचारल्यावर सांगितलं. बाईंच्या घरातली जमीन शेणाने सारवलेली होती आणि पाणी मोरीकडे जावं म्हणून उतरती होती. अण्णांनी टेबल तिथेच, त्या खोलीत बसून केलं. वर पाण्याची ताटली ठेवून पातळी धरली आणि उताराकडचे दोन पाय दोन बोटं लांब ठेवले. टेबल झक्क बसलं. काही वर्षांनी बाईंनी फरशी घालायला काढली, आणि गवंडी एसटी स्टँडवर चार लोकांत अण्णांना म्हणाला, "शिवरामा, तुझं टेबल लंगडं हाय राव, पाय येकसारखे न्हाईत."

"उतार कायमचाच ऱ्हाणार असं धरून चाललो मी," अण्णा म्हणाले. "बाईंनी त्ये जाळलं असंल न्हाईतर इकलं असंल. कशाला जायचं?"

त्यानंतर त्या गल्लीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. मी वाद घातला नाही. दोन दिवस जुन्नर भागात फर्निचर बघू, तुमच्या नजरेशिवाय मला दुकानदार गंडवतील, असं म्हटलं. ही मात्रा लागू पडली.

शनिवारी सहाला निघालो. तुम्ही जाणार असाल तर तुम्हीही सहालाच निघा, नाहीतर चाकणच्या चौकातच तुमची सुट्टी संपेल. नारायणगावात मिसळ खाल्ली. अण्णांनी आधी बाक हलवून बघितला आणि मगच बसले. तिथून जुन्नर अर्ध्या तासावर. जुन्या वस्तूंचं दुकान बाजारपेठेच्या आतल्या बोळात आहे, गाडी बाहेरच लावावी लागते.

दुकानदार बोलघेवडा होता. एका कोरीव खुर्चीवर थाप मारून म्हणाला, "शंभर वर्षांची हाय पावणं! अँटिक पीस. जहागीरदाराच्या घरातली."

मी तर भाळलेच होते. अण्णांनी खुर्ची उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "शंभर वर्षांमागं ह्यो चांदणीच्या खाचेचा नवा स्क्रू व्हता व्हय, भाऊ?"

दुकानदार मोठ्याने हसला. "कारागीर हाय वाटतं! मग तुमाला आतला माल दावतो." आतून वेताने विणलेली हातांची खुर्ची निघाली. सत्तरेक वर्षांची असावी, कुठल्यातरी कचेरीतली, हातांवर कोपरांनी घासून गुळगुळीत झालेली. अण्णांनी सांधे दाबून बघितले, लाकडाचा वास घेतला. "ही खरी. वेत तुटलाय, पन मानूस बरा असंल करणारा." बत्तीसशेला घेतली. जुनं घेताना वरचं पॉलिश बघू नका, वस्तू उलटी करून पोट बघा, हा धडा अण्णांनी मला फुकट दिला, तुम्हालाही देते.

मुक्काम येडगावला, धरणाच्या कडेला एका शेतकरी कुटुंबाने बांधलेल्या दोन खोल्यांमध्ये. रात्री मासवडी आणि बाजरीची भाकरी. स्वच्छ जागा, माणशी आठशे, जेवण धरून.

रविवारी सकाळी पिंपरी पेंढारला नव्या फर्निचरचं वर्कशॉप बघितलं. मला वाटलं, प्लायवूड बघून अण्णा नाक मुरडतील. झालं उलटंच. तिथल्या मालकाने कॉम्प्युटरवर आमच्या बेडरूमचं कपाट काढून दाखवलं, कडेची पट्टी मशीनने चिकटवून दाखवली, आणि अण्णा डोळे विस्फारून म्हणाले, "आमी केलं असतं तर आठ दिस लागलं असतं. झ्याक काम करतुयास लेका." कपाटाची ऑर्डर त्यांनीच दिली. जुनं ते सगळं सोनं असं मानणारे माझे अण्णा नाहीत, याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

परतताना मंचरला मी गाडी घोडेगावकडे वळवली. अण्णांच्या लक्षात आलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. दार उघडून त्यांनी अण्णांकडे टक लावून बघितलं. "शिवराम? किती वर्षांनी रे! या गल्लीकडे फिरकलाच नाहीस."

अण्णा उंबऱ्यातच उभे. समोरच भिंतीला लागून ते टेबल होतं. वर नातवाचा लॅपटॉप, औषधांचा डबा, वर्तमानपत्रं. मी नमस्कार केला आणि आल्या आल्या सगळं सांगून टाकलं, घर, खिडकी, आणि बाई म्हणतील ती किंमत.

"विकू?" बाई हसल्या. "आणि नेऊन ठेवशील कुठे? तुमच्या फ्लॅटात ते तिरकं उभं राहील. त्याची फरशी इथे आहे."

मला कळेना. बाईंनी खाली बोट दाखवलं. सगळ्या खोलीची फरशी सपाट होती, फक्त टेबलाखालचा चौकोन मोरीच्या बाजूला उतरता होता. इतका बेताचा, की सांगितल्याशिवाय दिसू नये.

"गवंडी म्हणाला, बाई, लांबडे पाय कापून टाकतो," बाई सांगू लागल्या. "मी म्हटलं, त्या पायांना करवत लावायची नाही. शिवरामने ताटली ठेवून माप घेतलंय. तुला उतार घालता येतो ना? मग टेबलाखाली होता तसाच ठेव. वाढीव काम पडलं म्हणून चिडला होता माझ्यावर. गावभर काय बोलला असेल कोण जाणे!"

अण्णा खाली बसले. फरशीवरून तळवा फिरवला, मग लांब पायांवरून.

"बाई," ते म्हणाले, "येक ताटली द्या. पानी घालून."

बाईंनी दिली. अण्णांनी ती टेबलाच्या मधोमध ठेवली. पाणी स्थिरावलं, चहूकडून काठाला सारखं लागलेलं.

"चूक माझीच व्हती तरी," अण्णा म्हणाले.

"चूक कसली? शाळेचे पेपर झाले, मुलीचा अभ्यास झाला, आता नातवाचा चाललाय. एकदा म्हणून हललं नाही." बाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी आहे तोवर हे इथून हलणार नाही, शिवराम."

माझ्या बापाच्या कामासाठी कुणीतरी घराची फरशी वाकवली होती! नकार ऐकून माझा ऊर एवढा भरून येईल असं वाटलं नव्हतं. अण्णांनी टोपी डोक्यावर घातली, ती अगदी सरळ करून. वाटेत स्टँडपाशी मला गाडी थांबवायला लावली, उतरले, चार ओळखीच्या म्हाताऱ्यांना भेटून आले. काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण परत येताना चाल बदललेली होती.

आता वेताची खुर्ची हॉलमध्ये आलीय, नवं कपाट पंधरा दिवसांत येईल. टेबल नाही मिळालं. खिडकीखालची जागा रिकामी आहे असं मी परवा म्हटलं, तर अण्णा स्वयंपाकघरातून पाण्याने भरलेली ताटली घेऊन आले. खिडकीखाली फरशीवर ठेवली आणि उकिडवे बसून पाणी थांबायची वाट बघत राहिले.

"सपाट हाय," ते म्हणाले. "सागवान कुठं मिळतं इकडं? आन ही फरशी पुढंमागं बदलणार असशील तर आत्ताच सांग."

"बदललीच," मी म्हटलं, "तर टेबलाला विचारून बदलेन, अण्णा."