मामांचा मुठीतला कॅमेरा

आमच्या मामांइतकं हिंडून इतकं थोडं पाहिलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नसेल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा मला एवढंच माहीत होतं की ते निवृत्त झालेत आणि 'शूटिंग करतात'. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे शहरातल्या माणसांची मला थोडी भीतीच होती. मामांनी पहिल्याच आठवड्यात ती भीती घालवली आणि तिच्या जागी धक्के द्यायला सुरुवात केली. ते धक्के अजून थांबलेले नाहीत.

मामा प्रवासाचे माहितीपट काढतात. त्यासाठी त्यांच्याकडे मुठीत मावणारा एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. बॅटरीचं झाकण रबराने बांधलेलं, बाजूचा छोटा पडदा उघडला की कुरकुरणारा, आणि चित्र असं हलतं की टीव्हीवर बघताना आत्या गाडी लागल्यासारखी पदर तोंडाला लावते. फोनवर का काढत नाही, असं मी एकदा भीत भीत विचारलं. "फोनवर काढताना फोन येतोय," मामा म्हणाले. जोतिबाला गेलो तेव्हा त्यांनी देवळाकडे पाठ केली आणि एका नारळवाल्या म्हाताऱ्याच्या गुडघेदुखीचंच शूटिंग करत बसले. मी म्हटलं, "मामा, देऊळ?" तर म्हणाले, "देऊळ कुठं पळून जातंय व्हय? ह्येचा गुडघा उद्या बरा झाला म्हंजे?" वारणानगरला तर कहरच. कामगार वसाहतीत एका अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून त्यांनी कॅमेरा त्याच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, "पावणं, खरं सांगा, जेवण कुणाच्या हातचं बरं? आईच्या का बायकोच्या?" आई आणि बायको दोघी मागेच उभ्या होत्या. आता आपल्याला मार बसणार, असं मला वाटलं. पण दोघींनी मिळून त्या बिचाऱ्यालाच धारेवर धरलं आणि आम्हाला जेवायला बसवलं, दोघींची आमटी वेगवेगळ्या वाट्यांत. दोन्ही वाट्या रिकाम्या करून मामा कॅमेरा मिटत म्हणाले, "ह्यो निकाल रेकॉर्डवर द्यायचा न्हाय."

अशा माणसाने कॅमेरा बदलायचं मनावर घेतलं त्याला कारण अक्का. अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, नेसरीला एकटी राहायची. एकटी म्हणजे एका म्हशीसोबत. दिवाळीनंतर मुलगा तिला कायमचं पुण्याला नेणार होता. म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं, असं ठरलं होतं. त्याआधी अक्काचा तिच्या घरातला माहितीपट काढायचा, असं मामांनी ठरवलं. "आतापतोर हाललं ते हाललं," ते म्हणाले, "अक्का हालायची न्हाय."

मग त्यांनी जो भेटेल त्याला सल्ला विचारायला सुरुवात केली. रिक्षावाल्याला विचारलं, दात काढताना डॉक्टरांना विचारलं. एक दिवस कॉलेजच्या फाटकातच त्यांनी आमच्या सरांना अडवलं. "सर, तुमी शिकल्यालं. फोर-के क्यामेरा घिऊ का जुन्यावर भागवू?" मी सायकलींच्या मागे जाऊन बसले. आत्याचं मत मात्र पक्कं होतं. "क्यामेरा बदलून काय हुतंय? हात त्योच की!" शेवटी एका ओळखीच्या दुकानदाराने नवा मोठा कॅमेरा रविवारपुरता वापरून बघायला दिला. त्याला तीन पायांचं स्टँड होतं आणि मांजराच्या शेपटासारखा केसाळ माईक होता. एसटीत मामांनी तो मांडीवर असा धरला होता, जसं काही नातू बारशाला निघालाय.

अक्काचा आवाज नेसरीत सगळ्यात मोठा, असं मी ऐकून होते. पण स्टँडवरचा कॅमेरा बघताच ती आत गेली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून आली. म्हैस परड्यात, घराच्या मागे नेऊन बांधली. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती खुर्चीत बसली.

"अक्का, म्हशीचं सांग की कायतरी," मामा म्हणाले.

"म्हैस चांगली आहे. दूध देते," अक्का म्हणाली, आणि थांबली.

मी चाटच पडले. मामांनी आणखी चारदा विचारलं, पण अक्काच्या तोंडून अशीच पुस्तकातली वाक्यं येत राहिली. पडद्यावर तिची प्रत्येक सुरकुती स्पष्ट दिसत होती. मामा कितीतरी वेळ तिकडे बघत राहिले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "ही कोण बाई हाय गं?" मामांना हळू बोलता येतं, हा मला त्या दिवसाचा सगळ्यात मोठा धक्का होता. ती बाई माझ्या ओळखीची होती. वर्गात सरांनी प्रश्न विचारला की मी तशीच बसते.

मामांनी स्टँड मिटलं. अक्काने लगेच लुगडं बदललं आणि परड्यात धार काढायला बसली. तेव्हा मामांनी खिशातून जुना कॅमेरा काढून गुडघ्याशी धरला.

"काय रं त्ये हातात?"

"काय न्हाय. जुनंच हाय."

"मग ठीक हाय." आणि अक्का म्हशीकडे वळली. "मुडदे, सोड की दूध! नाटकं करालीस व्हय? तुझी पणजीबी असलीच खोडसाळ! ह्या माझ्या भावाला नदीत पाडलंतं तिनं, शेपूट धरून चाललंतं येडं!" म्हशीने कान हलवले आणि बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. अक्का मला म्हणाली, "शिव्या दिल्याबिगर ही पान्हवतच न्हाय, पोरी. घेणाऱ्याला सांगायला पायजे." मग तिने म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं. मामांनी कॅमेरा बंद केला नाही.

नवा कॅमेरा दुसऱ्या दिवशी दुकानात परत गेला. अक्का पुण्याला गेली. काही दिवसांनी म्हैस घेणाऱ्या शेजाऱ्याचा फोन आला. म्हैस दूध चोरत होती, पान्हाच सोडत नव्हती. त्याने शिव्या देऊन पाहिल्या होत्या, त्याच्या बायकोने दिल्या होत्या, पण म्हैस ऐकत नव्हती. मामांनी मला सोबत घेतलं आणि तडक नेसरी गाठली. शेजाऱ्याच्या गोठ्यात शिरून त्यांनी तो कुरकुरणारा पडदा उघडला आणि अक्काचं शूटिंग सुरू करून कॅमेरा म्हशीच्या कानाला लावला. "मुडदे, सोड की दूध!" म्हशीने आधी दाराकडे मान वळवली. बराच वेळ ती दाराकडेच बघत होती. मग तिने पान्हा सोडला. मी खोटं सांगत नाही, मी तिथे उभी होते.

गोठ्यातूनच मामांनी अक्काला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पुण्याला गेल्यापासून अक्का फोनवर फार कमी बोलते. शेजाऱ्यांची भिंतीला भिंत आहे, मोठ्याने बोललेलं ऐकू जातं म्हणे. मामांनी झालेलं सगळं सांगितलं.

"अक्का, हाईस न्हवं?"

"दाराकडं बघिटलं तिनं?"

"व्हय."

आणि मग अक्का अशी कडाडली की मामांनी फोन हातभर लांब धरला. "मग मुडद्यांनो, माझ्याशी काय बोलत बसलाय? तिच्या कानाला लावा की फोन!"

मामांनी फोन म्हशीकडे नेला आणि मला कॅमेऱ्याची खूण केली. त्या दिवशीचं शूटिंग मी केलं. आत्या म्हणते, ते मामांपेक्षाही जास्त हललंय.